खांदा ओढण्यापूर्वीं

नेवासें तालुक्यांतील सोनई हें उसाचें गांव. मुळा सहकारी साखर कारखाना येथलाच. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसानें भरलेल्या गाड्यांची रीघ रस्त्याला लागते. अशा वेळीं गाडीवरून कोणी पडावें, पडतांना हात टेकावा आणि खांदा निखळावा, ही नवलाची गोष्ट नव्हे. खांदा निखळला कीं चार माणसें जमतात. त्यांत एखादा तालमींतला जुना वस्ताद किंवा हाडवैद्य असतो. तो हात धरून बेतानें ओढतो, आणि पुष्कळदां खांदा जागेवर बसतोहि. हा अनुभव जुना आहे व खोटाहि नाहीं. परंतु त्याच खांद्यांत हाडहि मोडलेलें असेल, तर तीच ओढ माणसाचा हात जन्माचा निकामी करूं शकते. वरून पाहणाराला दोन्ही खांदे बहुधा सारखेच दिसतात. हा भेद ओळखावयास मनुष्य कसा शिकला, ह्याचा इतिहास उद्बोधक आहे.

प्रथम खांद्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. दंडाच्या हाडाचा माथा चेंडूसारखा गोल असतो, आणि तो ज्या खोबणींत बसतो ती बशीसारखी उथळ असते. ह्या उथळपणामुळेंच हात चोहोंकडे फिरतो, आणि ह्याच उथळपणामुळें शरीरांतील मोठ्या सांध्यांत खांदा सर्वांत अधिक वेळां निखळतो. माथ्याच्या खालीं दोन उंचवटे असतात. त्यांना हात फिरविणारे स्नायु चिकटलेले असतात. त्यांच्या खालीं हाडाची मान. पडण्याच्या आघातानें कधीं नुसता माथा खोबणींतून सुटतो. कधीं त्याबरोबर एखादा उंचवटा तुटतो. आणि कधीं मानच मोडून माथा काखेंत एकीकडे व हात दुसरीकडे अशी अवस्था होते. ह्या शेवटच्या प्रकारांत हात ओढून कांहीं साधत नाहीं. दोर तुटून बादली विहिरींत पडली असतां वरून कितीहि दोर ओढला, तरी बादली वर येत नाहीं; तसेंच हें आहे. उलट काखेंतून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी व ज्ञानतंतु यांना मोडक्या हाडाच्या टोकानें इजा होण्याचें भय असतें.

आपल्या देशांत ह्या विषयाचा पद्धतशीर विचार सुश्रुतसंहितेंत आढळतो. हा ग्रंथ सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा. त्याच्या निदानस्थानांत मोडण्याचे दोन मुख्य वर्ग केलेले आहेत : सांधा सुटणें तें संधिमुक्त, आणि हाड मोडणें तें कांडभग्न. पहिल्याचे सहा प्रकार, दुसऱ्याचे बारा. उपचाराचीं अंगें चार : ओढणें, दाबणें, जुळविणें आणि बांधणें. खांद्याचा सांधा सुटला असतां काखेंत मुसळ घालून दंड वर उचलावा, आणि माथा जागेवर आला म्हणजे स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असें तेथें सांगितलें आहे. घराघरांतील मुसळाचा हा उपयोग पाहून कौतुक वाटतें.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. संधिमुक्ताच्या सहा प्रकारांत 'उत्पिष्ट' म्हणून एक प्रकार सांगितला आहे. त्यांत सांधा चुरडल्यासारखा होतो, दोन्ही बाजूंस सूज येते आणि रात्रीं वेदना वाढतात. सांधा निखळून शिवाय हाडहि मोडलें आहे, अशी ही अवस्था असावी, असें अर्वाचीन अभ्यासकांपैकीं अनेकांचें मत आहे. ह्या उत्पिष्टाविषयीं व 'विश्लिष्ट' म्हणजे सैल झालेल्या सांध्याविषयीं सुश्रुताची आज्ञा स्पष्ट आहे : वैद्यानें हा सांधा हालवूं नये; थंड धारा धराव्या व लेप द्यावे. म्हणजे ज्या ग्रंथानें मुसळानें खांदा बसविण्याची रीति शिकविली, त्याच ग्रंथानें कोठें हात लावूं नये हेंहि शिकविलें. पुढें परंपरेंत मुसळाची रीति हातोहात उतरली. हात आवरण्याची शिकवण मात्र बहुतेक ठिकाणीं पोथींतच राहिली.

ह्या शिकवणुकीबरोबर आणखीहि कित्येक बारकावे दिले आहेत. पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर होत नाहीं, फार घट्ट असेल तर सूज व वेदना होऊन भाग पिकतो. म्हणून ती मध्यम असावी. थंडीच्या ऋतूंत ती सात दिवसांनीं, समऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बदलावी. तरुणाचें हाड एका महिन्यांत, मध्यम वयाच्या माणसाचें दोन महिन्यांत व वृद्धाचें तीन महिन्यांत स्थिर होतें. तळहात मोडला असेल, तर तो बरा झाल्यावर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा धरावा आणि बळ आलें म्हणजे दगड धरावा. आजच्या रुग्णालयांत हळूहळू वाढवीत करवून घेतात त्या व्यायामाचें तत्त्व हेंच आहे.

ग्रीस देशांतहि इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षें हाच विचार चालू होता. हिपोक्रेटिसच्या नांवावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथाचा आरंभच निखळलेल्या खांद्यापासून होतो. रोग्याच्या काखेंत टाच देऊन हात ओढावा, किंवा काखेखालीं मुसळासारखें लांकूड द्यावें, अशा रीति त्यांत आहेत. दूर दूरच्या दोन देशांत मुसळ एकाच कामीं यावें, ह्याचें कारण उघड आहे : सांधा एकच, आणि हातीं असलेलें साधनहि एकच.

नगर जिल्ह्यांत शास्त्रीय आयुर्वेदाच्या शिक्षणास मोठें साहाय्य झालें तें वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचें. त्यांनीं १९१७ सालीं नगर येथें आयुर्वेदाचें विद्यालय काढलें. गांवचा हाडवैद्य मात्र विद्यालयांत शिकलेला नसे. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे आलेली. बांबूच्या कामट्या, कापड व लेप एवढ्यावर त्यानें हजारों साधे मोड बरे केले, हें मान्य केलेंच पाहिजे. बोटांनीं चांचपून हाड ओळखण्यांत त्याचा हातखंडा असे. परंतु सुजलेल्या खांद्याच्या आंत खोल काय झालें आहे, तें बोटांना कळत नाहीं.

युरोपांतील शल्यवैद्यांचीहि अडचण हीच होती. १८२२ सालीं लंडनच्या ॲस्टली कूपर यांनीं सांधे निखळणें व मोडणें यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळीं जुनाट निखळलेला खांदा कप्प्या लावून ओढीत. त्यांत कधीं कधीं काखेंतील रक्तवाहिनी फाटून रोगी दगावे. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया झाली. गुंगीनें स्नायु सैल पडत, त्यामुळें थोड्या जोरांत काम होऊं लागलें. मात्र रोग्याची किंकाळी बंद झाल्यामुळें जोर अति झाल्याची सूचनाहि बंद झाली. १८७० सालीं स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनीं ओढण्याऐवजीं कोपर दुमडून दंड बाहेर व मग आंत फिरविण्याची रीति प्रसिद्ध केली. साध्या निखळण्यांत ती यशस्वी ठरली. मान मोडलेली असतां मात्र तीच पिळवणूक मोडलेले तुकडे आणखी दूर सारी.

हा अंधार फिटला तो १८९५ सालीं. त्या वर्षीं जर्मनींत रोंटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला, आणि हात न लावतां आंतलें हाड प्रथमच डोळ्यांना दिसूं लागलें. चांचपणें, अंदाज व हिसका हा जुना क्रम बदलून आधीं पाहणें, मग ठरविणें, मग हात लावणें हा नवा क्रम आला.

पाहतां येऊं लागल्यावर वर्गवारी आली. १९३४ सालीं अमेरिकेंतील कॉडमन यांनीं दाखविलें कीं, ह्या हाडाचें वरचें टोंक बहुधा चार भागांत मोडतें : माथा, दोन उंचवटे व खालचा दांडा. १९७० सालीं न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनीं ह्याच पायावर आपलें प्रसिद्ध वर्गीकरण मांडलें. एखादा भाग १ सेंटिमीटरहून अधिक सरकला, किंवा ४५ अंशांहून अधिक कलला, तर तो सुटलेला मानावा, असा त्यांचा दंडक. माथा निखळलेला आणि चारी भाग सुटलेले, ही सर्वांत कठिण अवस्था. कारण माथ्याला रक्त पोंचविणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात, आणि माथा जागेवर बसवूनहि पुढें तो मरूं शकतो.

माथाच वांचत नसेल तर कृत्रिम माथा घालावा, हाहि विचार जुना आहे. पॅरिसच्या पेआं यांनीं १८९३ सालीं क्षयानें खराब झालेल्या खांद्यांत प्लॅटिनम व रबराचा सांधा बसविला. जंतुदोषामुळें तो सुमारें दोन वर्षांनीं काढावा लागला. मोडलेल्या खांद्यासाठीं धातूचा माथा नीअर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रूढ केला. १९८५ सालीं फ्रान्सच्या ग्रामों यांनीं खोबणीच्या जागीं गोळा व गोळ्याच्या जागीं खोबण असा उलटा सांधा योजिला. वृद्धांच्या चुरा झालेल्या खांद्यांत तो उपयोगी पडतो. तरुणांत शक्यतों स्वतःचा माथा राखून धातूची पट्टी व स्क्रू यांनीं तुकडे जुळवितात. एखादाच उंचवटा तुटला असेल, तर गुंगींत माथा हळुवार बसविल्याबरोबर तो तुकडाहि पुष्कळदां जागेवर येतो, व झोळीवरच काम भागतें.

खेड्यांत आणखी एका प्रकाराकडे लक्ष पाहिजे. विहिरीवरील विजेच्या मोटारीचा जबर धक्का बसला, किंवा फेफऱ्याचा झटका आला, तर न पडतांहि स्नायूंच्या आंचक्यानेंच खांदा मागच्या बाजूस निखळून हाड मोडूं शकतें. माथा मागें गेल्यामुळें विकृति चटकन् दिसत नाहीं, आणि नुसता मुका मार समजून महिने निघून जातात. अशा माणसाचा हात बाहेरच्या बाजूस वळेनासा झाला, एवढी खूण पुरेशी समजावी.

सोनईच्या माणसाला आज फार दूर जावें लागत नाहीं. जिल्ह्याचें ठिकाण जवळ आहे. लोणी येथें १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पडलेल्या माणसाचा हात आहे त्या स्थितींत उपरण्याच्या झोळींत बांधावा. मनगटाची नाडी लागते काय, बोटें हालतात काय व दंडाच्या बाहेरची त्वचा बधिर झाली आहे काय, एवढें पाहावें. मालिश करूं नये, ओढूं नये, आणि क्ष-किरणांचें चित्र घेण्यास तत्काळ न्यावें. उत्पिष्ट सांधा हालवूं नये, हें सुश्रुताचें सांगणें. तो उत्पिष्ट आहे कीं नाहीं, हें खात्रीनें सांगणारें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. तें आज तालुक्याच्या गांवींहि मिळतें. तें जवळ असतांना पूर्वींच्या अंदाजानें हिसका देणें म्हणजे त्या वैद्याचा मान राखणें नव्हे. त्याची आज्ञा मोडणेंच होय.