काळ्या सोन्याचं कूळ

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं काळं केलं. 2019 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. सोन्यात रंग घातला नव्हता की काजळी. कण एकमेकांच्या किती जवळ बसवायचे, सगळी करामत एवढ्यातच होती. हे सोनं दृश्य प्रकाश तर शोषतंच, शिवाय डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त किरणांनाही सोडत नाही. तरंगलांबींच्या इतक्या रुंद पट्ट्यावर चालणाऱ्या या पदार्थाचं कूळ शोधायला निघालो, आणि नेहमीच्या वंशावळीत नसलेला एक पूर्वज हाती लागला.

नेहमीची वंशावळ अशी : 1857 साली फॅरेडेने सोन्याच्या सूक्ष्म कणांचं लाल द्रावण अभ्यासलं, 1908 मध्ये मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने त्या रंगाचं गणित मांडलं, 1960च्या दशकात वेसेलागो आणि शतकाच्या अखेरीस पेंड्री यांनी मेटामटेरियलचा, म्हणजे नेटक्या रचनेतून गुण मिळवणाऱ्या कृत्रिम पदार्थांचा, पाया घातला.

आपल्याकडे या यादीच्या आरंभी जगदीशचंद्र बोस यांना बसवतात. 1898 साली त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या आणि त्यांच्या कंपनाचं प्रतल वळवून दाखवलं. गुण पदार्थात नसून रचनेत असू शकतो, हे त्यातून दिसलं. हा मान बोसांचाच. पण काळ्या सोन्याचं मूळ मला तागात दिसत नाही. सोन्याचे कण प्रकाश शोषतात ते धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र झुलल्यामुळे; तागात तसं काही घडत नाही आणि रुंद पट्ट्याचा प्रश्नही उभा राहत नाही.

माझा कौल फुंड यांना आहे. 1930च्या दशकात या अमेरिकी शास्त्रज्ञाने धातूंची वाफ चांगल्या निर्वाताऐवजी विरळ वायूत थंड होऊ दिली. अणू वायूच्या रेणूंवर आपटले, आपसात चिकटले आणि काचेवर भुसभुशीत काळा थर बसला. सोन्याचा असा थर पुढे उष्णतेचे किरण मोजणाऱ्या उपकरणांवर चढू लागला. 1948 मध्ये लुई हॅरिस आणि सहकाऱ्यांनी त्याचे प्रकाशीय गुण तपासले.

यावर आक्षेप येईल की ती तर नुसती सोन्याची काजळी, तिच्यात आखणी कुठे? आक्षेप रास्त आहे, पण कळीचा मुद्दाही तिथेच आहे. सोन्याचा वीसेक नॅनोमीटरचा सुटा गोल कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशच जोराने शोषतो. सारखे कण सारख्या अंतरावर मांडले तर पट्टा अरुंदच राहतो. कण लहानमोठे असले आणि फटी कमीजास्त असल्या, की प्रत्येक जोडी वेगळी तरंगलांबी पकडते. मेटामटेरियलवाले नेटकेपणाच्या मागे होते. रुंदी आली ती विषमतेतून, आणि ती आधी फुंड यांच्या काजळीत होती.

कुलाब्याच्या प्रयोगशाळेत ही विषमता हिशेबाने आणली गेली. आधार होता शेवंतीच्या फुलासारख्या तंतुमय सिलिकाच्या गोळ्याचा. पोलशेट्टीवार आणि सहकाऱ्यांनी तो 2010 मध्ये सौदी अरेबियात घडवला होता. त्या तंतूंवर सोन्याचे बीजकण बसवले आणि आवर्तनागणिक वाढवले. कण फुगत गेले, फटी मिटत आल्या, लालसर रंग गडद होत काळ्यावर आला. त्याच संस्थेत अचंता वेणुगोपाल यांच्या गटाने 2014 मध्ये दुसरी वाट दाखवली : आकृतीत सुव्यवस्था ठेवायची, पण तीच ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही. अशा अर्धस्फटिकी नक्षीतूनही रुंद पट्टा मिळाला. वाटा दोन, तत्त्व एकच. फुंड ते कुलाबा हे नातं गुरुशिष्याचं नसेल, पण तत्त्वाचं नक्कीच आहे, आणि कूळ मी त्यावरूनच ठरवतो.

बीड जिल्ह्याला याचं अप्रूप वाटायला सबळ कारण आहे. हे काळं सोनं सूर्यप्रकाशाच्या बळावर खाऱ्या पाण्याची वाफ करून ते पिण्याजोगं करतं आणि कार्बन डायऑक्साइडचं मिथेन बनवतं. जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी कार्बन डायऑक्साइडच ओकतात, आणि 2015 मध्ये पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. 2019च्या प्रयोगात मिळालेलं मिथेन अगदी थोडं होतं. ते वाढवायचं तर प्रकाश जिथे एकवटतो त्या फटींवर आणखी काम व्हायला हवं. फुंड यांच्या थरात त्या आपोआप पडल्या होत्या; आता त्या हव्या तशा पाडता येतात.