आधी चिपसेट, मग डिस्प्ले

नव्या सांगवीतल्या दुरुस्तीच्या दुकानात पीसी फॉरमॅटला दिला, की विंडोज बसल्यावर ड्रायव्हर टाकायचा क्रम ठरलेला: आधी चिपसेट, मग डिस्प्ले, मग साउंड नि लॅन. गिऱ्हाईक चाकणच्या कारखान्यांची ड्रॉइंग करणारं असो की गेम खेळणारं पोर, क्रम तोच. का म्हणून विचारावं, तर "असंच टाकतात." या 'असंच'चा जन्म १९९७ चा.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या बोर्डावर सुट्या चिपांची दाटी असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियातल्या चिप्स अँड टेक्नॉलॉजीजने ती कामं मोजक्या चिपांत, म्हणजे चिपसेटमध्ये, बसवली आणि स्वस्त बोर्डांची वाट मोकळी झाली. ग्राफिक्स कार्डाचा संसार मात्र वेगळा होता. त्याची मेमरी त्याच्याच अंगावर, त्यामुळे चिपसेटशी त्याचं फारसं अडत नव्हतं.

१९९७ मध्ये इंटेलच्या ४४० एलएक्स चिपसेटबरोबर ग्राफिक्स कार्डासाठीचा एजीपी स्लॉट आला. थ्रीडी खेळांच्या टेक्स्चरना जागा हवी आणि कार्डावरची मेमरी महाग, म्हणून मुख्य रॅममधली जागा वापरायची सोय झाली. पण रॅममध्ये सलग जागा मिळत नाही. चार-चार केबीची पानं कुठे कुठे विखुरलेली असतात. ती कार्डाला सलग दिसावीत म्हणून एक तक्ता लागतो, त्याला गार्ट म्हणतात. हा तक्ता कार्डात नव्हता, चिपसेटमध्ये होता, आणि तो चालवणारा ड्रायव्हरही चिपसेटवाल्याचाच. तो न टाकता कार्डाचा, म्हणजे डिस्प्लेचा, ड्रायव्हर चढवला, की डेस्कटॉप छान दिसायचा आणि खेळ सुरू होताच मशीन हँग!

व्हिया चिपसेटच्या स्वस्त बोर्डांनी हा धडा घोटून घेतला. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून पार्ट आणून मशीन जुळवण्याचे ते दिवस. व्हियाचा 'फोर इन वन' ड्रायव्हर म्हणजे एजीपी, आयडीई, इंटरप्टची वाटणी आणि बोर्डाची ओळख पटवणारी आयएनएफ फाइल, सगळं एका गाठोड्यात. बोर्डाची सीडी हरवली की पंचाईत.

२००४ पासून एजीपीच्या जागी पीसीआय एक्सप्रेस आलं आणि कार्ड आपला तक्ता आपणच सांभाळू लागलं. चिपसेटमधला मेमरी कंट्रोलरही प्रोसेसरमध्ये गेला, एएमडीचा २००३ मध्ये, इंटेलचा २००८ मध्ये. कारण गेलं, क्रम राहिला.

आता इंटेलच्या चिपसेट पॅकेजात बहुतेक आयएनएफ फाइलीच असतात. विंडोजला बोर्डावरच्या भागांची नावं सांगायची, एवढंच त्यांचं काम. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यांची तारीख दिसते १८ जुलै १९६८, म्हणजे इंटेलच्या स्थापनेचा दिवस. ही चूक नव्हे. सारख्या लायकीच्या दोन ड्रायव्हरांत विंडोज नव्या तारखेचा निवडतं, म्हणून इंटेलने मुद्दाम मागची तारीख घातली, बोर्डवाल्याचा खास ड्रायव्हर पुसला जाऊ नये यासाठी. ती पाहून 'अपडेट' करत बसणारे अजून भेटतात. एएमडीच्या पॅकेजात मात्र खरे ड्रायव्हर असतात, ते टाळू नयेत.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला आणि सावरला' असं येऊ लागलं, तर चिपसेटमागे लागण्यात अर्थ नाही. व्हिस्टापासून विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर नव्याने उभा करतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना डिस्प्ले ड्रायव्हर मुळापासून काढावा, नवा टाकावा. तरीही तेच झालं, तर पंखा, तापमान आणि पॉवर सप्लाय तपासावा. सांगवीतला कारागीर तरीही आधी चिपसेटच टाकेल. टाकू द्यावा, वेळ थोडाच जातो.