विद्यार्थी आणि मजूर

आमच्यातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचा अमेरिकेशी आज जो पहिला संबंध येतो, तो तेथील विद्यापीठाशी येत नाही. तेथील प्रवेश-नियमांशी येतो. मुलाला वा मुलीला विद्यापीठाने पत्करल्याचे पत्र आले की वडिलांच्या खात्यावरील शिल्लक, बँकेच्या कर्जाची मंजुरी, शिष्यवृत्तीचा दाखला असे सारे गोळा करून वकिलातीतील अधिकाऱ्यापुढे मांडावे लागते. तिकडे पोहोचल्यावर आठवड्यातून किती तास काम करता येईल, ते विद्यापीठाच्या आवारात की बाहेर, पदवीनंतर किती महिने, ह्या प्रश्नांचा अभ्यास मुख्य विषयाइतकाच कसून करावा लागतो. ह्या नियमांकडे आपण बहुधा पावसापाण्याकडे पाहावे तसे पाहतो. आज कडक, उद्या सौम्य, कारण परमेश्वरास ठाऊक. परंतु त्यांस एक इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ विद्यार्थ्यांपासून होत नाही, मजुरांपासून होतो, हे आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा विद्यार्थ्याने निराळा परवाना घ्यावा अशी पद्धतच त्या देशात नव्हती. आदल्याच वर्षी झालेल्या सर्वसामान्य कायद्याने गुन्हेगार, वेडे आणि लोकांवर भार होऊन राहतील अशी माणसे एवढ्यांसच मज्जाव केला होता, व प्रत्येक उतारूमागे अर्धा डॉलर पट्टी बसविली होती. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. ह्या तीन वर्षांत त्यांस शरीरप्रकृतीने, थंडीने आणि अन्नाने छळले. प्रवेशाच्या कायद्याने छळल्याचे कोठे दिसत नाही.

मात्र १८८२ सालीच अमेरिकेने दुसरा एक कायदा केला होता, आणि आमच्या विषयाचे मूळ त्यात आहे. कॅलिफोर्नियातील गोऱ्या कामगारांच्या ओरडीमुळे चिनी मजुरांस दहा वर्षे बंदी करण्यात आली; पुढे ती मुदत वाढत वाढत कायमची झाली व १९४३ साली उठली. पण चीनशी १८८० साली झालेल्या तहामुळे व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि हौसेने देश पाहावयास येणारे प्रवासी ह्यांस वगळणे भाग होते. अमेरिकेस चीनचा व्यापार हवा होता, चीनमध्ये धर्मोपदेशक पाठवावयाचे होते; तेव्हा मोठ्या घरच्या मुलांस दार लावून चालण्यासारखे नव्हते. शिवाय चिनी विद्यार्थ्यांची अमेरिकेस ओळखही जुनी होती. युंग विंग नावाचा तरुण १८५४ सालीच येल विद्यापीठाचा पदवीधर झाला होता, व त्याच्याच खटपटीने १८७२ पासून एकंदर १२० मुलगे चिनी सरकारच्या खर्चाने न्यू इंग्लंड प्रांतात शिकावयास आले होते. त्यांस १८८१ साली परत बोलावण्यात आले.

आता कायद्यात एकदा असे लिहिले की मजुरास बंदी आणि विद्यार्थ्यास मोकळीक, म्हणजे बंदरावरील अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच उभा राहतो की समोरचा माणूस विद्यार्थी कशावरून? हातात पुस्तक आहे म्हणून? मजूरही पुस्तक विकत घेऊ शकतो. १९०० साली अमेरिकेच्या अर्थखात्याच्या कायदेपंडिताने ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. विद्यार्थी म्हणजे जो उच्च विद्येच्या शाखेचा अभ्यास करू इच्छितो, किंवा ज्या धंद्याचे शिक्षण त्याच्या देशात मिळण्याची सोय नाही ते घेऊ इच्छितो. ज्याच्या निर्वाहाची तजवीज आधीच झालेली आहे. आणि जो शिक्षण संपताच स्वदेशी जाणार आहे. ही व्याख्या वाचून आम्हांस जे वाटले ते वाचकांसही वाटेल. ह्यात बुद्धिमत्तेची अट नाही. विद्यार्थी हा येथे मजुराच्या उलट जे काही असेल त्याचे नाव आहे. मजूर पोटासाठी येतो, म्हणून विद्यार्थ्याचे पोट आधीच भरलेले पाहिजे. मजूर राहून जातो, म्हणून विद्यार्थ्याने परत गेले पाहिजे. वकिलातीच्या खिडकीशी आज बँकेचा दाखला आणि ‘परत येणार ना?’ हा प्रश्न ह्यांची जी जोडी भेटते, ती ह्या व्याख्येतली आहे.

ह्या व्याख्येचा जाच कसा होई ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात शिकण्यासाठी दोन चिनी तरुण १९०१ साली सान फ्रान्सिस्कोस उतरले. त्यांचे दाखले विहित नमुन्याचे नाहीत म्हणून त्यांस अडविण्यात आले, व ओबर्लिनला पोहोचण्यास त्यांस १९०३ साल उजाडले. त्यांपैकी एक एच. एच. कुंग, जे पुढे चीनचे अर्थमंत्री झाले. अशा प्रकारांनी चिडून १९०५ साली शांघाय व इतर शहरांतील व्यापाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घातला. त्याच वर्षी आमच्याकडे वंगभंगानंतर विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला हे वाचकांस स्मरेलच. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी आपल्या अधिकाऱ्यांस सूट असलेल्या वर्गांशी सभ्यतेने वागण्याची ताकीद दिली. व्याख्या मात्र जशीच्या तशी राहिली.

हिंदी विद्यार्थी पॅसिफिक किनाऱ्यावर दिसू लागले ते ह्याच सुमारास. इंग्लंडला जाणाऱ्यास ब्रिटिश प्रजाजन म्हणून परवाना लागत नसे, आणि ती मोकळीक १९६२ सालच्या कायद्यापर्यंत टिकली. तेथे त्याला जाच होई तो पाळतीचा. अमेरिकेस जाणारे बहुतेक तरुण खिशाने हलके होते, आणि तेथे हाताने काम करून शिकता येते ह्याच कीर्तीने ते गेले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे कॅलिफोर्निया व ऑरेगन येथे शेतकी शिकत असता मजुरी करून पोट भरीत. शेतांत आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी शेतकरी आणि त्यांच्याच शेजारी सुट्टीत काम करणारे विद्यार्थी ह्यांच्या ओळखीतून जे निर्माण झाले त्यास पुढे गदर चळवळ हे नाव मिळाले. अभियांत्रिकी शिकण्यास गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे त्याच चळवळीत शिरले व १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. विद्यार्थी आणि मजूर ह्यांच्यात कायद्याने जी भिंत कल्पिली होती ती ह्या माणसांच्या आयुष्यात नव्हतीच. खानखोजे स्वातंत्र्यापूर्वी मायदेशी स्थायिक होऊ शकले नाहीत; मेक्सिकोत शेतकीचे अध्यापक म्हणून त्यांनी नाव काढले, आणि डिएगो रिव्हेरा ह्या चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांस स्थान दिले.

त्याच काळातील दुसरे उदाहरण ह्याच्या अगदी उलट आहे. भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. निर्वाहाची तजवीज, परतण्याचे वचन. १९०० सालच्या व्याख्येत चपखल बसणारा विद्यार्थी! ती व्याख्या त्यांस लागू नव्हती ही गोष्ट निराळी. त्या कराराच्या नोकरीत बडोद्यास त्यांचे काय हाल झाले, अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागाही कशी मिळाली नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परत जाण्याची अट घालणारे कायदे परत गेल्यावर काय होते हे विचारीत नाहीत.

१९१७ साली अध्यक्ष विल्सन ह्यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकन काँग्रेसने आशियाच्या मोठ्या भागावर, त्यात हिंदुस्थानवरही, ‘निषिद्ध प्रदेश’ म्हणून रेघ ओढली. चिनी मजूरबंदीतील सूट येथेही आली. शिक्षक, वैद्य, व्यापारी ह्यांच्याबरोबर विद्यार्थी वगळले गेले. १९२३ साली भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब नागरिक होण्यास अपात्र, असा निवाडा दिला. पुढल्या वर्षी झालेल्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांचा प्रवेशच बंद केला. जी थोडी दारे उघडी राहिली त्यांत विद्यार्थ्याचे एक होते. १९४६ साली हिंदी लोकांस वर्षास १०० जागा देण्यात आल्या, तोपर्यंत आमच्याकडील सामान्य तरुणास त्या देशात पाऊल ठेवावयाचे तर विद्यार्थी होऊनच ठेवता येई.

१९२४ सालच्या ह्या कायद्यात दोन शब्दयोजना अशा आहेत की त्यांजपाशी थोडे थांबले पाहिजे. विद्यार्थ्याचे वय निदान पंधरा असावे आणि त्याने ‘केवळ’ अभ्यासाच्या हेतूने यावे, ही एक. दुसरी अशी की त्याची संस्था सरकारमान्य असावी, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेला तर संस्थेने तसे सरकारास कळवावे, न कळविल्यास मान्यता जाईल. अध्यापकास पहारेकरी नेमण्याची ही युक्ती होती. तिची अंमलबजावणी प्रथम ढिली होती. २००१ सालच्या हल्ल्यानंतर, २००३ पासून, हेच कलम विद्युत्-यंत्रणेच्या रूपाने आले, आणि मुलाचा पत्ता बदलला किंवा विषय कमी झाले तरी त्याची नोंद होऊ लागली. मान्यता देण्याचा अधिकार कोणाकडे होता? शिक्षणखात्याकडे नव्हे, कामगारमंत्र्याकडे.

‘केवळ’ ह्या शब्दाचे दात १९३२ साली दिसले. मंदीने अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार झाले होते. अशा वेळी कामगारमंत्री विल्यम डोक ह्यांनी हुकूम काढला की परदेशी विद्यार्थ्याने मजुरी पत्करली तर तो विद्यार्थी उरणार नाही. उपाहारगृहात बश्या विसळून शिकणाऱ्या गरीब मुलांवर ह्या हुकुमाची कुऱ्हाड पडली, आणि विद्यापीठांतून मोठी ओरड झाली. ज्यांस घरून पैसा येत होता त्यांस हुकूम निघाल्याचे कळलेही नसेल.

ह्या भिंतीस पहिली खिडकी पडली १९४७ साली. शाळेने आवश्यक म्हणून सांगितल्यास विद्यार्थ्यास प्रत्यक्ष धंद्याचा अनुभव घेण्यासाठी सहा महिने नोकरी करू द्यावी, व ही मुदत आणखी दोनदा वाढविता यावी, असा नियम झाला. युक्तिवाद मोठा चतुर होता : हे काम नव्हेच, हा अभ्यासाचाच उत्तरार्ध आहे. १९५२ सालच्या कायद्याने विद्यार्थ्यास तात्पुरत्या पाहुण्यांच्या वर्गात घातले व मायदेशातील घर सोडण्याचा त्याचा इरादा नसावा ही अट स्पष्ट शब्दांत लिहिली. पाहुण्याची खिडकी मात्र रुंदच होत गेली. १९९२ साली पदवीच्या अनुषंगाने बारा महिन्यांच्या ऐच्छिक प्रशिक्षणाची सध्याची योजना आली; २००८ साली विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या विषयांच्या पदवीधरांस त्यावर सतरा महिने मिळाले; २०१६ साली सतराचे चोवीस झाले. ‘प्रशिक्षण’ हे नाव कायम आहे, पण तीन वर्षे पूर्ण पगारावर काम करणाऱ्यास शिकाऊ म्हणणे हा भाषेवर जुलूम आहे. २०२३-२४ ह्या वर्षी अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांच्या गणनेत भारताचे ३,३१,६०२ जण होते, आणि त्यांपैकी ९७,५५६ जण वर्गात नव्हते, ह्या प्रशिक्षणाच्या नोकरीवर होते.

आमच्या मध्यमवर्गाची खरी कोंडी येथे आहे. बँकेचे कर्ज फेडता येईल ते डॉलरच्या पगारातून, हा हिशेब घरात सर्वांस पाठ असतो, बँकेसही असतो. आणि त्याच मुलाने वकिलातीच्या खिडकीशी उभे राहून मी शिकून लगेच परत येणार असे सांगावयाचे असते. तो खोटे बोलतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. चोवीस वर्षांच्या मुलास आपण पुढे कोठे राहू हे खरोखरच ठाऊक नसते. परंतु कायद्यास ‘ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही.

आणि २००८ सालच्याच नियमांत आणखी एक कलम घातले गेले. पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या मुदतीत जो एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहील त्याचा विद्यार्थीपणा संपेल. ज्यांस वाढीव मुदत मिळते त्यांस २०१६ पासून दोन्ही मुदती मिळून दीडशे दिवसांची सवलत आहे. १९३२ साली काम केले म्हणून विद्यार्थी परत जाई. आता जाहिराती चाळीत, अर्ज धाडीत, भाड्याच्या खोलीत बसलेला आमचा पदवीधर भिंतीवरील दिनदर्शिकेत एकेक दिवस खोडतो, आणि रविवारी घरी बोलताना तो आकडा आईला सांगत नाही.