चार तारांचा खर्ज

निवृत्त झाल्यावर माणसं पेटी शिकतात, बासरी शिकतात. मी इलेक्ट्रिक बास गिटार घेतली. शिक्षणासाठी परगावी निघालेल्या एका मुलाने ती विकायला काढली होती. सात हजारांत मिळाली. घरी आणून मोठ्या उत्साहाने तार छेडली, तर आतून प्रश्न आला, "वाजत नाही का ही?" पत्नीची चूक नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्याशिवाय ही गिटार जेमतेम कुजबुजते. आणि जोडल्यावर तिचा आवाज आपल्या कानांआधी खिडकीच्या काचांना कळतो.

माझी गिटार अगदी नवशिक्यांची. एका कोपऱ्यात रंग उडालेला, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. मला शिकवायला आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ येतात. वीस-बावीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात बास वाजवला. "सर, जरा बरी गिटार घेऊ का?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हे वाद्य जन्माला आलं तेच सोयीसाठी. आधी हात बसू द्या." त्या एका वाक्यामुळे मी या वाद्याची कुळकथा वाचायला घेतली.

बास गिटारच्या आधी पाश्चात्त्य संगीतात खर्ज सांभाळायचा तो डबल बास या वाद्याने. माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचा. प्रवासात तो न्यायचा कसा, हा प्रश्न. आणि शेजारी ड्रम नि विजेवरची गिटार आली, की त्याचा आवाज बुडायचा. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेत सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बास बनवला होता. पण तो फारसा चालला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला, तेव्हा या वाद्याने खऱ्या अर्थाने मूळ धरलं. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे!

प्रिसिजन म्हणजे अचूकता. डबल बासच्या गळ्यावर पडदे नसतात. सूर नेमका कुठे आहे ते बोटांना वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. फेंडर यांनी पडदे बसवले. बोट पडद्यामागे दाबलं की सूर जागेवर. चार तारा, त्याही गिटारच्या जाड चार तारांच्याच सुरांत, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे कुणाही गिटारवाल्याला थोड्या सरावाने बास वाजवता यावा. आमच्या सरांचं 'सोयीसाठी' ते हेच.

त्या सोयीचं फळ दहा वर्षांनी जर्मनीत दिसलं. १९६१ साली बीटल्स हे पथक हॅम्बर्गच्या क्लबांमधून वाजवत होतं, तेव्हा त्यांचा बासवादक स्टुअर्ट सटक्लिफ पथक सोडून गेला. बास वाजवायला कुणी उत्साहाने पुढे येईना. शेवटी ते काम पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. फेंडरची किंमत शंभर पौंडांच्या घरात. ती परवडणं शक्य नव्हतं. मग त्याने व्हायोलिनच्या आकाराची जर्मन बनावटीची हॉफनर घेतली, सुमारे तीस पौंडांना. पॉल डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे, हेही एक कारण. या परवडणाऱ्या गिटारवर बीटल्सची सुरुवातीची गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९७२ साली ती लंडनमध्ये चोरीला गेली. पुढे तिच्यासाठी शोधमोहीम निघाली, ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली, आणि २०२४ साली ती मूळ मालकाकडे परतल्याची बातमी जगभर झळकली.

आता दुसरी गिटार. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी होती. १९६०च्या दशकात तिची गाणी घराघरांत वाजत. त्यांतल्या असंख्य गाण्यांचा बास जेम्स जेमर्सन यांचा. ते आधी डबल बास वाजवत. नंतर फेंडर हाती घेतली आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडत राहिले. गायकांची नावं जगाला पाठ झाली. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं मात्र छापली जात नसत. मार्विन गे यांच्या १९७१च्या संग्रहावर जेमर्सन यांचं नाव आलं, तेव्हा त्यांची उमेदीची दहा वर्षं सरली होती. १९८३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच्या थोडंच आधी त्यांची गिटारही चोरीला गेली. ती सापडल्याचं अजून ऐकिवात नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय? राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात बास गिटारवर टोनी वाझ असत. पंचमदांची गाणी गुणगुणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

याला थोडं विज्ञानही जबाबदार आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ट्रान्झिस्टरच्या किंवा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खर्ज पेलत नाही. तो सूर अंदाजाने लागतो. त्याचा भरीव देह हरवतो. पिढ्यान् पिढ्या आपण गाणी ऐकली ती अशाच पेट्यांवर.

सरांना मी एकदा विचारलं, "इतक्या वर्षांत तुमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं का?" ते हसले. म्हणाले, "एकदा. कार्यक्रम रंगात आला होता आणि माझी वायर निकामी झाली. ढोलक चालू, सिंथेसायझर चालू, गाणंही चालू. पण गायकाने गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पायाखालची फळी काढल्यासारखा चेहरा होता त्याचा." निवेदकाने त्या रात्री सगळ्यांची ओळख करून दिली. सरांचं नाव राहिलंच.

दुसरी गिटार घेण्याचा विचार मी सोडून दिला आहे. आज रात्री हेडफोन लावा, पंचमदांचं आवडतं गाणं सुरू करा आणि एकदा तरी गायकाला सोडून खालच्या सुरांमागे जा. पहिल्या खेपेला सापडणार नाहीत कदाचित. मलाही सापडले नव्हते. सापडले, की ते वाजवणाऱ्याचं नाव शोधा.