हँडल सुटलं, ब्रेक राहिला

भोसरीत जुन्या मिलिंग मशीनवर सीएनसी बसवून द्यायचं माझं काम. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "म्हणजे जुगाडच ना?" हे मला मनाला लागतं. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंगसुद्धा कोरं करकरीत नव्हतं, तेही रेट्रोफिटच होतं.

मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वळणाचे बिंदू त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर काढत. मग मशीनपाशी एक जण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघे जण एकेक हँडल तेवढंच फिरवायचे. तीन माणसं, दोन अक्ष! 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेला पैसे दिले आणि काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीत पोचलं. तिथे सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मिलिंगच्या तिन्ही अक्षांना सर्व्हो जोडले. सात ओळींच्या भोकांची कागदी पट्टी हुकूम द्यायची. निर्वात नळ्यांची कपाटं मशीनपेक्षा जास्त जागा अडवून बसली होती. सप्टेंबर 1952 मध्ये ते लोकांपुढे चालवून दाखवलं.

हँडल असं हातातून सुटलं. ब्रेक मात्र कारागिराकडेच राहिला. 1938 पासून जगभर गेलेल्या ब्रिजपोर्ट मिलिंगच्या हेडवर ब्रेकचा दांडा असतो. मोटर बंद करायची, दांडा ओढायचा, टूल बदलायचं. हाताशी माणूस होता तोवर एवढं पुरत होतं.

प्रोग्रॅमला हात नाही. टॅपिंग करताना, म्हणजे भोकात आटे पाडताना, टॅप तळाशी पोचला की स्पिंडल तिथेच थांबून उलटा फिरायला हवा. जरा घरंगळला तरी टॅप जॉबमध्येच तुटतो. म्हणून आम्ही मोटरचा वेग सांभाळणारा व्हीएफडी ड्राइव्ह लावतो. पण वेग झटकन उतरवला की फिरता स्पिंडल मोटरलाच जनरेटर करतो. ती वीज ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये परत येते. 415 व्होल्ट सप्लायवर ही बस साधारण 585 व्होल्टवर असते. तिथून व्होल्टेज चढत जातं आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. मग स्पिंडल मोकळाच फिरत राहतो, म्हणजे ब्रेक हवा तेव्हाच नाही! ब्रेकिंग रेझिस्टर जोडला की ही जादा वीज उष्णता होऊन निघून जाते. तो तापतो, म्हणून पॅनेलच्या बाहेर, जाळीत बसवायचा.

ज्यांच्याकडे एचएमटीचं दणकट बिडाचं जुनं मशीन उभं आहे, त्यांनी ते भंगारात घालू नये. रेट्रोफिट जरूर करून घ्यावं. फक्त कोटेशनमध्ये ब्रेकिंग रेझिस्टरची ओळ आहे ना, हे सहीआधी बघावं.