घरघर आणि सूर

विजेच्या गिटारीला जन्मापासून एक खोड होती. तारांखालचे चुंबक आणि त्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे तारांचा सूर जितक्या इमानाने टिपी, तितक्याच इमानाने आसपासच्या विजेची घरघरही!

अमेरिकेत कॅलामाझू येथे गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती अशी, की वेटोळी दोन घ्यायची. दुसऱ्याचे चुंबकत्व उलटे आणि जोडणीही उलटी. मग सुरांची होते बेरीज, घरघरीची वजाबाकी. पेटंट मिळाले १९५९ साली; पण पुढे या ‘हंबकर’वर जो क्रमांक छापला गेला, तो लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या साधनाचा!

घरघर गेली, तशी सुराची धारही थोडी बोथटली. काही वादकांना ते सोसवेना. त्यांनी दोन वेटोळ्यांच्या सांध्यातून तार काढून ती सरकत्या खटक्यावर आणली. खटक्याने ती अर्थिंगला जोडली, की एक वेटोळे मुके होते. तीन घरांचा खटका असला, तर हवे ते वेटोळे निवडावे, नाहीतर दोन्ही ठेवावीत. एकट्या वेटोळ्याचा सूर पातळ, लखलखीत. आणि त्याच्यामागून ती हाकललेली घरघरही घरात शिरते. मला विचाराल तर, सौदा वाईट नाही.