मानजन्य डोकेदुखी : हस्तोपचार व सूचिकोपचार

मानेच्या वरच्या भागातील सांधे, स्नायू किंवा मज्जातंतू यांच्या विकारामुळे उद्भवणाऱ्या, परंतु रुग्णाला डोक्यात जाणवणाऱ्या वेदनेस मानजन्य डोकेदुखी म्हणतात. या विकाराला स्वतंत्र निदान म्हणून नॉर्वेतील मज्जाविकारतज्ज्ञ ओटार स्यास्टाड यांनी 1983 मध्ये पुढे आणले. मानेतील पहिल्या तीन मज्जातंतूंच्या संवेदना आणि चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूच्या संवेदना मेरुरज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळत असल्याने मेंदूला वेदनेचे मूळ ठिकाण नीट ओळखता येत नाही, आणि म्हणून दुखणे मानेचे असूनही कपाळ, कानशील किंवा डोळ्यामागचा भाग ठणकतो. वेदना बहुधा एकाच बाजूला असते व मान वळवल्यावर किंवा बराच वेळ एका स्थितीत ठेवल्यावर वाढते.

मानेपासून डोळ्याकडे जाणाऱ्या अशा वेदनेचे निरीक्षण भारतीय वैद्यकात जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अनंतवात या शिरोरोगाचे वर्णन येते. त्यात मानेच्या मागील भागात तीव्र वेदना सुरू होऊन ती डोळा, भुवई व शंखप्रदेश (कानशील) येथे स्थिरावते. त्यावर सांगितलेला सिरावेध हा रक्त काढण्याचा उपचार असल्याने आजच्या सुईच्या उपचाराशी त्याचे नाते जोडणे मात्र योग्य नाही.

निदानासाठी हनुवटी छातीकडे पूर्ण झुकवून डोके दोन्ही बाजूंना वळवतात. निरोगी माणसात हे वळण सुमारे 44 अंश होते. दुखऱ्या बाजूस ते 32 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी भरल्यास पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांधा आखडल्याचे मानतात. हस्तोपचारात हा सांधा संथ, लयबद्ध दाबाने मोकळा करतात (संचालन) किंवा क्वचित त्याला अल्प, वेगवान झटका देतात (हस्तकौशल्य). न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत उपचारक मणका हाताने सरकवून धरतो व रुग्ण त्याच वेळी मान स्वतः वळवतो. ऑस्ट्रेलियात ग्वेन जुल व सहकाऱ्यांनी 200 रुग्णांवर केलेल्या व 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हस्तोपचार आणि मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम या दोहोंनीही डोकेदुखी कमी झाली व वर्षभर तो लाभ टिकला. म्हणूनच नुसते चोळून घेण्यावर न थांबता व्यायाम शिकवणे हा उपचाराचा गाभा ठरतो.

सूचिकोपचारात, म्हणजेच ड्राय नीडलिंगमध्ये, औषध न भरलेली बारीक भरीव सुई स्नायूतील ताठरलेल्या, दाबल्यावर दुखणाऱ्या बिंदूत टोचतात. चेक वैद्य कारेल लेविट यांनी 1979 मध्ये, वेदना शमते ती टोचलेल्या औषधामुळेच नव्हे तर सुईमुळेही, हे दाखवले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 142 रुग्णांच्या एका चाचणीत मणक्यांचे हस्तकौशल्य व विद्युत-सूचिकोपचार (सुईतून सौम्य वीजप्रवाह देणे) यांच्या जोडीने, संचालन व व्यायाम यांच्या तुलनेत अधिक आराम आढळला. मात्र दोन्ही उपचार एकत्र दिल्याने त्यातील सुईचा वाटा किती, हे त्यातून ठरत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम फिजिओथेरपी महाविद्यालय आणि विळद घाटातील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे फिजिओथेरपी महाविद्यालय फिजिओथेरपीचे शिक्षण देतात. याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारे मजूर मोळ्या डोक्यावरून वाहतात, तेव्हा सारा भार मानेवर येतो. अशा रुग्णाला केवळ गोळी देऊन परत पाठवणे अपुरे आहे, त्याची मान तपासलीच पाहिजे.

केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र घातक आहे, कारण अचानक पिळामुळे मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. सूचिकोपचारातही कवटीखाली सुई खोल गेल्यास मेरुरज्जूला आणि खांद्याजवळ गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. एकाएकी उठलेली अतितीव्र डोकेदुखी, तापासह आखडलेली मान, हातापायांतील कमजोरी किंवा बोलण्यातील अडखळ असल्यास यांपैकी कोणताही उपचार न करता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.